बावीस जिल्ह्यांत एकच आवाज

दि. ३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे अ. आ.

तुझं रुसव्याचं पत्र मिळालं. मी फोन उचलत नाही म्हणून तू दोन पानं नुसती कुरकुर केली आहेस. अरे बाबा, दिवसातून दीडशे वेळा माइकसमोर बोलायचं आणि घरी येऊन पुन्हा कानाला यंत्र लावून बोलत बसायचं, हे मला जमणार नाही. घरी आले की मी घसा मिटते. याच घशाच्या जिवावर तू मास्तर झालास, तेव्हा गपगुमान पत्र लिहीत जा. आणि अक्षर जरा मोठं काढ, मुंग्या सोडल्यासारखं लिहितोस.

तर बातमी अशी की निवडणूक जाहीर झाली आणि काल साक्षात डांबरशेठ माझ्या खोलीत आले. आमचे आमदार रे, ते रस्त्यांचे कंत्राटदार. त्यांचा रस्ता वर्षभर टिकला तर लोक त्याचा फोटो काढून ठेवतात. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीमागची माझी खोली तुला माहीतच आहे, त्यात मी, माइक आणि वेळापत्रक मावतं. शेठ आत आले तेव्हा त्यांचे चार कार्यकर्ते दारातच अडकले. ते म्हणाले की ताई, तुमचा आवाज सगळा जिल्हा रोज ऐकतो, तर यंदा शिडीचा प्रचार तुमच्याच आवाजात करायचा. शिडी म्हणजे त्यांची निशाणी. मी म्हटलं की मी महामंडळाची रोजंदारीवरची बाई, मला हे चालतं का. तर म्हणाले की रोजंदारीवरची आहात म्हणूनच चालतं, कायम असता तर चाललं नसतं.

मग मी विषय काढलाच. एकोणीस वर्षं मी इथे गाड्या पुकारते. दर सहा महिन्यांनी मला एक दिवस घरी बसवतात आणि दुसऱ्या दिवशी नव्याने नेमतात, म्हणजे कागदावर माझी नोकरी कधी सहा महिन्यांच्या वर झालेलीच नाही. येत्या २० जानेवारीला मला पन्नास पुरी होतात. त्याआधी कायम झाले तर पेन्शन बसेल, नाही तर रोजंदारीच्या नियमाने त्याच दिवशी घरी. हे सगळं मी शेठना एका दमात सांगितलं. त्यांनी खिसा थोपटला आणि म्हणाले की ऑर्डर इथेच आहे म्हणून समजा, निकाल लागला की काढतो. खिसा तसा जाडजूड दिसत होता.

आज मी रेकॉर्डिंग करून आले. एका दमात झालं, पुन्हा घ्यावं लागलं नाही. भावजयीला सांग की नणंद आता राजकारणात शिरली, जपून वाग.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचं निवडणुकीनंतर बघू.

तुझी,
ताई


दि. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. वाचून आनंद झाला आणि धास्तीही वाटली. आनंद तुझ्यासाठी, धास्ती माझ्यासाठी, कारण मला केंद्रप्रमुखाची ड्युटी लागली आहे. आमच्याच शाळेत, सातवी ‘ब’च्या वर्गात मतदान आहे. काल प्रशिक्षण झालं. मोठ्या साहेबांनी तीन तास आम्हाला नि:पक्षपाती कसं राहायचं ते शिकवलं. ते म्हणाले की चेहऱ्यावरूनसुद्धा कोणाची बाजू कळता कामा नये. ही म्हणते की त्याला प्रशिक्षण कशाला हवं, घरात मी आणि तुमचे मित्र भांडतो तेव्हा तुमचा चेहरा तसाच असतो.

एक फॉर्म भरून घेतला. त्यात कोणी नातलग उमेदवार आहे का, कोणी पदाधिकारी आहे का, असं विचारलं होतं. नातलगाचा आवाज प्रचारात आहे का, असा रकाना नव्हता. मी उठून विचारणार होतो, पण हिने आधीच बजावलं होतं की तिथे जास्त प्रामाणिकपणा करू नका.

ताई, एक सांगू का, रागावू नकोस. खिशातली ऑर्डर लेखी घे. एका ओळीचं पत्र का होईना. तुला पन्नास पुरी व्हायला जेमतेम अडीच महिने आहेत आणि निकाल डिसेंबरात लागणार. शेठ निवडून आले तरी त्यांना आधी हार घालून घ्यायला पंधरा दिवस लागतील. मी तुझ्याएवढा धीट नाही, म्हणून काळजी करण्याचं काम माझ्याकडे आहे.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
धाकटा


दि. १४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

लेखी मागितलं. शेठ म्हणाले की लेखी दिलं तर आचारसंहिता मोडेल, आणि ते आचारसंहितेला फार मानतात. तेव्हा तोंडीच.

पण आता गोष्ट शेठपुरती राहिलेली नाही. हसू नकोस. माझं रेकॉर्डिंग त्यांनी राजधानीच्या कार्यालयात ऐकवलं आणि वरच्या मोठ्या नेत्याला आवाज इतका पसंत पडला की शेठचं नाव त्यातून कापून फक्त शिडी ठेवली आणि तेच सगळ्या बावीस जिल्ह्यांत वाजवायचं ठरवलं. तीनशे गाड्या निघाल्या आहेत म्हणे. शेठ मला तिकडे घेऊन गेले होते. केवढं ते कार्यालय. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना पदाधिकारी, आणि मधोमध तो स्पीकर. माझा आवाज सुरू झाला. रस्ते, दवाखाने, शाळा, सगळं नीट झालं. शेवटी जेव्हा शिडीसमोरचंच बटण दाबा असं आलं, तेव्हा सगळ्यांनी अशा टाळ्या वाजवायला घेतल्या की काही विचारू नकोस. कोणी आधी थांबायचं हे कोणालाच कळेना, कारण नेता अजून वाजवत होता. स्पीकर बंद झाला तरी टाळ्या चालूच. मला जरा भरून आलं रे. एकोणीस वर्षांत माझं बोलणं संपल्यावर कोणी टाळी वाजवली नव्हती. लोक पिशव्या उचलून धावतात, बस्स.

आमच्या आगारप्रमुखांनी परवापासून मला खुर्चीला उशी दिली आहे. एवढी वर्षं मागत होते.

तुझ्या गावात गाडी आली की कळव. कसा वाटतो आवाज, खरंखरं सांग.

तुम्हा दोघांची ओढ आहेच, माझीही असू द्या.

तुझी,
ताई


दि. १९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी आली. आवाज उत्तम. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या हातून पत्र फाटणार नाही.

रविवारी मी न्हाव्याच्या दुकानात होतो. अर्धी दाढी झाली होती. बाकावर सहाजण नंबर लावून बसलेले. चौकातून गाडी आली आणि तुझा आवाज सुरू झाला. मी छाती फुगवली, पण केंद्रप्रमुख आहे हे आठवून पुन्हा आत घेतली. तू सांगितलंस की राज्याच्या विकासासाठी, तुमच्या मुलाबाळांच्या भविष्यासाठी शिडीसमोरचंच बटण दाबा. इथवर ठीक. मग तू एक श्वास घेतलास आणि त्याच गोड आवाजात पुढे म्हणालीस की कृपया आपली पाकिटं आणि दागिने सांभाळा, खिसेकापूंपासून सावध राहा, सामान हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही, धन्यवाद.

ताई, बाकावरच्या सहाही माणसांनी खिशाला हात लावला. न्हाव्याने वस्तरा थांबवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला की इतक्या निवडणुका पाहिल्या, पण आधीच खरं सांगणारा पक्ष हा पहिलाच. मग जे हसणं सुरू झालं ते गाडी पुढच्या गल्लीत गेली तरी थांबेना. गाडीवाला मात्र निर्विकार. त्याला वाटत होतं की लोक पक्षावर खूश आहेत.

आता शाळेत, बाजारात, पोस्टात कोणी शिडीचा माणूस दिसला की लोक एकमेकांना पाकीट दाखवतात. ही दोन दिवस झाले स्वयंपाकघरात हसते आहे. मला मात्र एकच विचारायचं आहे. तू हे मुद्दाम केलंस का? केलं असशील तर तू आपल्या घरातली सगळ्यात शूर बाई आहेस. नसशील तर तुझ्या ऑर्डरचं काय होणार?

तुझ्या जिवाला जप.

तुझा,
धाकटा


दि. २४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

मुद्दाम केलं नाही रे. आईची शपथ. मला आठवतसुद्धा नाही. तुझ्या पत्रातूनच मला कळलं.

तू विचार कर. दीडशे वेळा रोज, एकोणीस वर्षं, प्रत्येक पुकाऱ्याच्या शेवटी मी हेच म्हणते. ते मी म्हणत नाही, ते माझं तोंड म्हणतं. मी तशीच रेकॉर्डिंगवाल्याकडे गेले आणि त्याला विचारलं की मेल्या, तू मला थांबवलं का नाहीस. तो म्हणाला की त्याला तो जाहीरनाम्यातला शेवटचा मुद्दा वाटला. वर असंही म्हणाला की त्यातल्या त्यात तोच मुद्दा त्याला पटला होता. आणि त्या मोठ्या कार्यालयात शेपूट कोणाला ऐकू आलंच नाही, टाळ्यांच्या खाली गेलं. मीसुद्धा माझ्याच कौतुकात बुडालेली.

मग मी स्वतःच शेठकडे गेले आणि सांगून टाकलं. मला वाटलं की दहा दिवसांत त्यांना कळलं असेल. कशाचं काय. ज्या कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं होतं ते मूग गिळून बसले होते, कारण त्यांना वाटलं की हे वरून आलंय, त्यात काहीतरी मोठा डाव असणार. शेठचा चेहरा त्यांच्या धंद्याच्या रंगाचा झाला. त्यांनी तीनशे गाड्या थांबवायचा हुकूम सोडला. पण गाड्या बावीस जिल्ह्यांत, आणि बहुतेक ड्रायव्हर म्हणाले की ज्याने लावायला सांगितलं तोच बंद करायला सांगेल तेव्हा करू. तोवर टोपलीवाल्यांनी, म्हणजे विरोधकांनी, स्वतःच्या गाड्या काढल्या आणि त्यांच्यावर आमचंच रेकॉर्डिंग लावलं. एक अक्षर न कापता.

आता शेठ म्हणतात की एक कागद लिहून द्या. टोपलीवाल्यांनी मला फूस लावली आणि मी ते वाक्य घुसडलं, असा. कागद दिला तर ऑर्डर, नाही दिला तर विसरा. मी म्हटलं की मला कोणी फूस लावली नाही, सवयीने बोलले. शेठ म्हणाले की सवयीने पक्ष बुडतो असं मी वर कसं सांगू. मी सही केली नाही. आगारप्रमुखांनी उशी काढून घेतली.

मला झोप लागत नाही, धाकट्या. दोन महिनेसुद्धा उरले नाहीत. पण खोटं कसं लिहू?

मनात राग धरू नकोस, माया ठेव.

तुझी,
ताई


दि. ३ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मतदान पार पडलं. तुझा भाऊ जिवंत आहे, हे आधी कळवतो.

सकाळी सातला केंद्र उघडलं. आठच्या सुमाराला शाळेच्या फाटकापाशी तुझा आवाज. केंद्राच्या शंभर मीटरांत प्रचार चालत नाही. मी नियमांचं पुस्तक घेऊन बाहेर धावलो. ड्रायव्हर म्हणाला की साहेब, मी टोपलीचा माणूस आहे आणि शिडीला मत द्या असं सांगतोय, हा माझा प्रचार कसा? मी पुस्तक चाळलं. आपल्या विरोधकासाठी फुकट मतं मागण्याला बंदी कुठेच नाही. तरी मी गाडी हटवली आणि रिपोर्ट लिहायला बसलो. रिपोर्टात पक्षासाठी एकच रकाना. मी लिहिलं की गाडी टोपलीची, मजकूर शिडीचा. खाली आवाजाची ओळख पटली का, असा प्रश्न होता. मी लिहिलं की पटली, सख्खी बहीण. मोठ्या साहेबांनी तो रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मला चहा घेऊन यायला सांगितलं. मी परत आलो तेव्हा रिपोर्ट जागेवर नव्हता.

गर्दी चांगली झाली. आणि तुला खोटं वाटेल, पण बऱ्याच लोकांनी डाव्या हाताने खिसा दाबून उजव्या हाताने बटण दाबलं. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. प्रशिक्षण कामी आलं.

तू सही केली नाहीस ते वाचलं. मला तुझा अभिमान वाटला, आणि तो मला परवडणारा नाही असंही वाटलं.

तुझाच,
धाकटा


दि. ११ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

निकाल तू ऐकलाच असशील. बावीसपैकी सतरा जिल्ह्यांत शिडी आडवी झाली. डांबरशेठ दोनशे अकरा मतांनी पडले. सरकार टोपलीवाल्यांचं, आणि आमच्या शेजारच्या जिल्ह्यातले त्यांचे पुढारी परिवहनमंत्री झाले. म्हणजे माझ्या खात्याचेच.

परवा मंत्री स्टँडवर आले. फलाट धुऊन काढले होते. मला मधोमध उभं केलं, गळ्यात हार घातला आणि माइकवर सांगितलं की या माउलीने जिवावर उदार होऊन बावीस जिल्ह्यांना सावध केलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी म्हणायला गेले की सवयीने बोलले, तर सगळे हसले. मंत्री म्हणाले की बघा, विनय बघा.

नंतर त्यांच्या पीएने मला बाजूला घेतलं. फार सभ्य मुलगा, बोलताना हसतो आणि हसताना घड्याळ बघतो. त्याने टाइप केलेला कागद दिला. मी शिडीची लबाडी ओळखून, लोकशाही वाचवण्यासाठी, पूर्ण विचारांती ते वाक्य बोलले, असं त्यात होतं. खाली माझ्या नावाची जागा. म्हणाला की यावर सही करा, ‘धाडसी कर्मचारी’ म्हणून खास बाबीत तुमची कायम नेमणूक वीस जानेवारीच्या आत होते. मी कागद दोनदा वाचला आणि विचार करते म्हणून घरी आणला. तो आता समोर आहे.

काय करू?

तुझी,
ताई


दि. १५ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सही कर. मी पहिल्यांदाच तुला काही कर म्हणून सांगतोय, ऐक. यात कोणाचं वाईट होत नाही. शेठ पडलेच आहेत, त्यांना आणखी पाडता येत नाही. तू एकोणीस वर्षं त्या खोलीत काढलीस, माझी फी भरलीस, स्वतःसाठी काही केलं नाहीस. म्हातारपणी तुला पेन्शन मिळणार असेल तर एका कागदावर तू शूर झालीस म्हणून काय बिघडलं? मी शाळेत पोषण, हजेरी, वृक्षारोपण या सगळ्यांचे कागद लिहितो. त्यातली झाडं खरी असती तर आमची शाळा दिसली नसती. कोणाचंही काही अडलेलं नाही.

माझं ऐक.

तुझा,
धाकटा

ता. क. ती. वन्संना सा. न. हे मी लिहितेय. यांनी पत्र मला वाचून दाखवलं, आणि सही करा असं लिहिताना यांनी तीन कागद फाडले हे लिहायला विसरले. तुम्हाला पटेल तेच करा. आणि नाही केलीत तर आपली मागची खोली रिकामीच आहे, हे पेन्शनपेक्षा कमी आहे, पण आहे.


दि. २६ डिसेंबर

चि. धाकट्यास आणि चि. सौ. भावजयीस,
अ. आ.

नाही केली सही.

रागावू नकोस. मी खरंच प्रयत्न केला. पेन हातात घेतलं होतं. पण मी पूर्ण विचारांती बोलले असं लिहिलं, तर त्याचा अर्थ असा होतो की शेठकडून वचन घेतलं आणि तोंडावर गोड बोलून त्यांचा गळा कापला. ते कसेही असोत, मी तशी नाही. आणि दुसरं म्हणजे, मी आजवर डोळ्यांनी न पाहिलेली गाडी कधी पुकारली नाही. आगारप्रमुख मागे उभे राहून ओरडले तरी नाही. मग न केलेला पराक्रम कसा पुकारू? पीएला सांगितलं. मला वाटलं की तो चिडेल. तो हसला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला की काही हरकत नाही, कागद राहू द्या, मंत्र्यांना तुमचा आवाज हवा आहे.

तर असं झालं. त्यांनी मला दोन दिवस राजधानीत नेलं. भिंतींना गादी लावलेली खोली, बाहेरचं काही ऐकू येत नाही. मी बावीस जिल्ह्यांतल्या सगळ्या गावांची नावं बोलले. मग फलाट एक ते चाळीस. मग सगळ्या वेळा. मग सुटणार आहे, उशिरा येणार आहे, रद्द झाली आहे. समोर एकही गाडी नाही, नुसती काच. मला कसंसंच होत होतं, पण ते म्हणाले की राज्यभरच्या स्टँडवर एकच गोड आवाज असावा अशी मंत्र्यांची इच्छा आहे. पाकीट सांभाळा तेवढं म्हणायचं नाही, असं मात्र चारदा बजावलं. पीए म्हणाला की वीस तारखेच्या आत ऑर्डर नक्की निघेल.

मी त्याला तीनदा विचारलं, नक्की ना? तो तीनदा नक्की म्हणाला. मला आता खरंच वाटायला लागलंय. ऑर्डर हातात आली की आठवडाभर तुमच्याकडे येते. कायम माणसाला रजा मिळते म्हणतात.

तुमचीच,
ताई


दि. १३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल आमच्या स्टँडवर गेलो होतो आणि तुझा आवाज ऐकला. खरा तुझा. आमच्या गावाचं नाव तुझ्या तोंडून, अगदी तू आईला हाक मारायचीस तसं. मी तिथेच उभा राहिलो. चार गाड्या जाऊ दिल्या.

मग चौकशीच्या खिडकीपाशी गेलो. तिथे गाड्या पुकारणाऱ्या बाई होत्या, तुला मी एकदा त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, त्या सर्दीतसुद्धा बोलायच्या. त्या खोलीतली आपली भांडी, शाल आणि देवाचा फोटो पिशवीत भरत होत्या. म्हणाल्या की मशीन आलं, आता पुकारणाऱ्यांची पदंच रद्द होणार. सगळ्या जिल्ह्यांत. चौदा वर्षं होत्या, रोजंदारीवर. मग वर स्पीकरकडे बघून म्हणाल्या की ही कोण बाई आहे कोण जाणे, पण आवाज चांगला आहे मेलीचा.

मी माझं नाव सांगितलं नाही. त्यांची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली.

ताई, तुझी ऑर्डर आली का? ती वेगळी असेल, तूच तर तो आवाज आहेस. तुला कसं काढतील? उलट टपाली कळव. या वेळी पत्र नको, फोनच कर.

तुझा,
धाकटा


दि. २२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

फोन केला नाही, कारण बोलवत नाही. घसा ठीक आहे.

ऑर्डर एकोणीस तारखेला साडेचारला आली. पीए शब्दाचा पक्का निघाला. त्यात लिहिलंय की राज्यातल्या सर्व आगारांतली उद्घोषकाची पदं निरसित करण्यात येत आहेत, रोजंदारीवरच्या सर्व सेवा वीस तारखेपासून संपुष्टात येतील, आणि या उपक्रमाला आवाज दिल्याबद्दल माझे आभार. आभाराची ओळ वेगळ्या शाईत आहे. मी पीएला विचारायला गेले. तो म्हणाला की ताई, माणूस कधीतरी निवृत्त होतोच, पण तुमचा आवाज आता कायम आहे, मंत्र्यांनी शब्द पाळला. त्याला खरोखर तसं वाटत होतं, हेच मला सहन झालं नाही. मी बाहेर येऊन जिन्यावर बसून रडले. माझ्यासाठी रडले असते तर लवकर थांबले असते. बावीस जिल्ह्यांतल्या बायका मी माझ्या तोंडाने घरी पाठवल्या. तुझ्या त्या सर्दीवाल्या बाईंनासुद्धा. त्यांना भेटलास तर सांग की मेली कोण ते.

काल सकाळी तुझ्याकडे यायला निघाले. पहिल्यांदाच तिकीट काढून फलाटावर उभी राहिले, पिशवी पायाशी घेऊन. वरून मी बोलले की दहाची गाडी फलाट चारवर लागली आहे. आणि मी बघतेय तर गाडी सहावर उभी. ड्रायव्हर बदलून आला असेल, आगारात कोणी सांगितलं नसेल, मशीनला काय दिसतंय. तीसएक माणसं चारकडे धावली, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, ट्रंका घेऊन. मी धावून सहाची गाडी पकडू शकत होते. पण ही माणसं चुकली असती. मी चारजवळ गेले आणि मोठ्याने सांगायला लागले की अहो, गाडी सहावर आहे, इकडे नाही, सहावर. तोच घसा, तीच बाई. कोणी मान वळवली नाही. सगळे स्पीकरकडे बघत होते. वरून मी पुन्हा म्हणाले, फलाट चार. मी खालून ओरडले, फलाट सहा.

शेवटी एक गृहस्थ माझ्यावर वैतागले. म्हणाले की बाई, जरा गप्प बसा हो, ती काय सांगते ते ऐकू द्या.

मी गप्प बसले. गाडी रिकामीच सुटली.

उद्या येते. मागची खोली झाडून ठेवायला सांग. लोभ असू द्या, मला आता तोच आहे.

तुझी,
ताई